पाचवा नट

आमच्या घरात कोणतीही वस्तू हरवत नाही. ती जपून ठेवलेली असते. हरवलेली वस्तू निदान कधीतरी सोफ्याखाली किंवा शेजाऱ्याकडे सापडते. जपून ठेवलेली सापडत नाही, कारण ठेवताना आम्ही चोराच्या डोक्याने विचार करतो आणि शोधताना स्वतःच्या. माझं नोकरीचं नेमणूकपत्र असंच जपून ठेवलं होतं. मी निवृत्त झालो, ते अजून मिळालेलं नाही. हिने लग्नात आलेले चांदीचे चमचे इतके जपले आहेत की गेली कित्येक वर्षं ते आहेत यावर आम्ही फक्त विश्वास ठेवून आहोत. एरवी हे चालून जातं. पण पोटच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी, नवा कोट घालून, भर रस्त्यात गाडीच्या चाकाशी उकिडवं बसलेलं असताना घराण्याचा हा गुण आठवावा लागणं फार वाईट.

लग्न नोंदणी कार्यालयात होतं. हे मुलीनेच ठरवलं होतं. थाट नाही, पाहुण्यांची फौज नाही. जायचं, सह्या करायच्या, मग दोन्ही घरच्यांनी मिळून जेवायचं. लग्नकार्य इतक्या कमी दगदगीत उरकतंय हे पाहून मला थोडं अपराधीसुद्धा वाटत होतं. दगदग रस्त्यात माझी वाट बघत थांबली होती, हे मला काय ठाऊक.

एकच अडचण होती. लग्नाची जी नोटीस द्यावी लागते तिची मुदत त्याच दिवशी संपत होती. दुपारच्या सुट्टीआधी सह्या झाल्या नाहीत तर पुन्हा नवी नोटीस आणि पुन्हा महिनाभर वाट बघणं. इतक्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात कशाला, असं कुणीही विचारील. तर आधीच्या दोन तारखा माझ्यामुळे पुढे गेल्या होत्या. एकदा माझी कंबर धरली होती आणि एकदा घराला रंग काढायचा होता. रंग अजून काढलेला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

गाडीत आम्ही चौघं होतो. मी, ही, मुलगी आणि मुलीचा मामा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. तीन साक्षीदार लागतात म्हणाले होते, ते तीन आम्ही. वस्ती संपून गोदामांचा लांबलचक रस्ता सुरू होतो तिथे गाडी एका बाजूला ओढायला लागली.

"दाजी, स्टिअरिंग नीट धरा," मामा मागून म्हणाला.

"नीटच धरलंय."

"मग गाडी लंगडतेय का?"

उतरून बघितलं तर मागचा टायर पार बसला होता. मी शांत राहिलो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं चाक बदलायचं प्रकरण मी पूर्ण वाचलेलं आहे, आणि माझ्या ओळखीत असा दुसरा माणूस नाही. मी गाडी रस्त्याच्या अगदी कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते केले, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि सगळ्यांना रहदारीपासून लांबच्या बाजूने उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं केलं. दोन दगड शोधून पुढच्या चाकांना लावले. हे सगळं मी इतक्या अधिकाराने केलं की ही चक्क काही बोलली नाही. आमच्या संसारात असे क्षण थोडे आहेत आणि ते टिकत नाहीत.

धोक्याचा लाल त्रिकोण मी मामाच्या हातात दिला आणि मागे नेऊन ठेवायला सांगितलं. त्याने तो गाडीला चिकटून ठेवला.

"अरे, इतका जवळ ठेवलास तर मागून येणाऱ्याला तो धडकल्यावर दिसेल. लांब ने."

मामा लांब गेला. तिथे वारा होता. त्रिकोण ठेवला की पडायचा, ठेवला की पडायचा. शेवटी मामा तो छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. नवा सूट, कोटाला फूल आणि पोटावर लाल त्रिकोण. येणारे जाणारे गाडी हळू करत होते, ते त्रिकोणामुळे की मामामुळे, ते मी सांगू शकत नाही.

मग स्टेपनी काढायची होती. गाडी घेतली त्या दिवशीच मी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद केली होती. त्यावर जुनी चादर बांधली होती, आणि चादरीवर आज सगळ्यांच्या बॅगा होत्या. बॅगा उतरवल्या, चादर सोडली आणि प्लास्टिक फाडायला लागलो तेव्हा, खरं सांगतो, जिवावर आलं. इतकी वर्षं कोऱ्या राहिलेल्या वस्तूला हात लावणं मला जमत नाही. आत टायर नव्याचा वास घेऊन बसला होता. हवा जराशी कमी होती, पण गरज भागेल इतकी होती.

एवढ्यात एक काका येऊन उभे राहिले. पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी. सकाळचं फिरणं दुपारपर्यंत लांबवणारी जी माणसं असतात, त्यांतले.

"पंक्चर का?" त्यांनी विचारलं.

अशा प्रश्नाला मी आयुष्यभर 'हो' म्हणत आलो आहे. तेव्हाही म्हणालो.

"चाक उचलायच्या आधी नट सैल करा. उचलल्यावर चाक गरगर फिरतं."

"माहीत आहे मला."

"माहीत असणाऱ्यांचंच फिरतं," काका म्हणाले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून प्रेक्षक झाले.

मी पाना लावला. नट हलेना. जोर लावला, हलेना. मग पान्यावर पाय देऊन उभा राहिलो तेव्हा कुरकुरत हलला. कंबरही त्याच सुरात कुरकुरली. असे चार नट सैल झाले. पाचव्याला पाना बसेना. तो इतरांसारखा सहा बाजूंचा नव्हता, गोल होता आणि त्याच्या डोक्यावर फुलासारखी नक्षी होती. ती नक्षी पाहिली आणि मी पाना खाली ठेवला.

त्याचं असं आहे. मागे आमच्या सोसायटीतल्या एका गाडीची चारी चाकं चोरीला गेली होती. सकाळी बघतो तर गाडी विटांवर. तेव्हा मी तडक जाऊन प्रत्येक चाकाला एकेक कुलपाचा नट बसवून घेतला. हा नट साध्या पान्याने निघत नाही, त्याची वेगळी किल्ली असते. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढा एक लोखंडी तुकडा. बसवणारा बजावून म्हणाला होता, "साहेब, ही हरवली तर चाक तुम्हीही काढू शकणार नाही. जिवापाड जपा." हे असं आमच्या घरातल्या माणसाला सांगू नये.

"काय झालं?" हिने कठड्यापलीकडून विचारलं.

"किल्ली लागते याला. मी ठेवली आहे जपून."

'जपून' ऐकल्याबरोबर ती मटकन बॅगेवर बसली.

"कुठे?"

"तेच आठवतोय. गाडीत नाही. गाडीत ठेवली तर चोराला आयतीच मिळेल."

"बरं, मग घरात?"

"घरातच असेल. पण चोर घरातही येऊ शकतो, म्हणून मी काहीतरी खास विचार केला होता. फार हुशारीचा विचार होता, एवढं आठवतंय."

घराची एक किल्ली वरच्या मजल्यावरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते. त्यांना फोन केला. ते तत्पर माणूस. फोनवर चेहरा दाखवतच आमच्या घरात शिरले. मागे त्यांच्या सौभाग्यवती. आता मला आमचं घर फोनमध्ये दिसू लागलं आणि त्यांना आमचं घर तिथे. हा अनुभव मी वैऱ्यालाही देणार नाही.

"कपाट उघडू का?" सेक्रेटरी.

"उघडा."

"अहो, हे किती रिकामे डबे!" त्यांच्या सौभाग्यवती.

"लागतात," मी म्हणालो.

"लागत नाहीत," ही पलीकडून म्हणाली.

सेक्रेटरी माळ्यावर चढले. तिथे त्यांना तुटलेला पंखा, तीन घड्याळं, मुलीची लहानपणची सायकल आणि चिकटपट्टीची बरीच रिळं सापडली. आणि मग त्यांचा आवाज आला, जरा वेगळ्या सुरात.

"हे ड्रिल मशीन माझं आहे ना?"

मी म्हणालो, असेल, जपूनच ठेवलंय. ते म्हणाले, "मी पूर्ण वर्षभर हे शोधतोय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी वॉचमनवर संशय घेतला होता." यापुढे शोधात पूर्वीचा उत्साह राहिला नाही. ड्रिल घेऊन ते खाली उतरले आणि किल्ली नाही म्हणाले.

मग मी गाडीच्या मदत-केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने आधी मला आपण सुरक्षित आहात का विचारलं. मी हो म्हणालो. तिला आनंद झाला. मग गाडीचा नंबर, माझा नंबर, माझ्या मदत-कार्डाचा नंबर. कार्ड घरी होतं. कुठे, ते सांगायला नको. तिने कार्डाशिवाय चालवून घेतलं आणि म्हणाली, "सर, आमचा माणूस दोन-तीन तासांत येईल, पण कुलपाच्या नटाची किल्ली ग्राहकाने सोबत ठेवावी अशी अपेक्षा असते."

"ती असती तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता?"

"बरोबर आहे, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

आणखी कसली? तोवर एक वाहतूक पोलीस मोटारसायकलवरून आला. आधी त्याने मामाकडे बराच वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे आला. "इथे गाडी उभी करायला मनाई आहे," तो म्हणाला. मी म्हणालो, मी उभी केलेली नाही, ती उभी राहिली आहे. कठड्यापलीकडे नटूनथटून बसलेली मुलगी त्याला दिसली तेव्हा तो विरघळला. त्याने एक गाद्या भरलेला टेम्पो थांबवला. टेम्पोवाल्याकडे एकाच माणसाची जागा होती.

"मी जाते पुढे," मुलगी म्हणाली.

"गाद्यांच्या टेम्पोतून? लग्नाला?"

"काय फरक पडतो, बाबा?"

"एकटी जाऊन काय करशील? साक्षीदार सगळे इथे आहेत. आणि त्यातला एक त्रिकोण धरून उभा आहे."

टेम्पो गेला, पाठोपाठ पोलीसही. दुसरी भाड्याची गाडी मागवावी तर त्या रस्त्यावर यायला कुणी तयार होईना. तेवढ्यात तिकडून जावयाचा फोन आला. होणाऱ्या, म्हणजे अजून न झालेल्या. मुलगी बाजूला जाऊन बोलली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. कार्यालयातला माणूस म्हणत होता की साहेब सुट्टीला उठले की आज परत बसणार नाहीत, दुपारी त्यांची बैठक आहे. आणि तिकडून कुणी आम्हाला घ्यायला निघालं तर इकडे पोचून परत जाईपर्यंत सुट्टी झालेली असणार.

मी पाचव्या नटाला साधा पाना पुन्हा एकदा लावला. तो गर्रकन घसरला आणि माझी बोटं सोलून गेला. काका म्हणाले, "तो निघायचा नाही." मी म्हणालो, मला माहीत आहे. त्यानंतर काका जरा बाजूला झाले. मला वाटतं माझा आवाज चढला होता.

आणि मग हिने ते म्हटलं. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मला सवय आहे.

"एक विचारू? तुम्हाला आठवत नाहीये, की आठवायचं नाहीये?"

"म्हणजे?"

"आधी कंबर. मग रंग. आता किल्ली."

मी मुलीकडे बघितलं. ती आईला गप्प करेल असं वाटलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी शाळेच्या दारात मी उशिरा पोचलो की बघायची तशी. मला फार वाईट वाटलं. मी चोर नाही, मी फक्त जपून ठेवणारा माणूस आहे, हे मला मोठ्याने सांगायचं होतं. पण मी नटाकडे तोंड करून बसलो. नट निदान काही विचारत नव्हता.

"बाबा, खरंच मुद्दाम नाही ना?" ती जवळ येऊन म्हणाली.

"नाही गं, चिमणे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, ते खरंच आहे. पण म्हणून मी तुझं लग्न अडवीन का? मला एवढं कुठे सुचतं."

ती हसली, पण डोळे भरलेले होते. ती माझ्या शेजारी खाली बसली, त्या भारी कपड्यांत, धुळीत. ही ओरडली की कपडे सांभाळ. मग स्वतःच उठली आणि दागिन्यांची पिशवी घेऊन आली.

"डोळे पुस," ती मुलीला म्हणाली. "आणि हे घाल. तिथे पोचल्यावर तुझ्या हातात देणार होते, पण आता पोचतोय कधी कोण जाणे. तुझ्या आजीचं काहीतरी आहे. काल लॉकरमधून सगळं काढलं तेव्हा एका कोपऱ्यात हा मखमली बटवा होता. मी उघडून बघितलाही नाही. म्हटलं, तूच उघड. चांगला जड आहे."

मुलीने बटव्याची दोरी सोडली आणि तळहातावर उलटा केला.

तळहातावर लोखंडाचा एक तुकडा पडला. अंगठ्याएवढा. त्याच्या तोंडाला फुलासारखी नक्षी होती.

मग मला सगळं आठवलं, अगदी बँकेच्या तळघरातल्या पायऱ्यांसकट. नट बसवून घेतले त्याच दुपारी मी बँकेत गेलो होतो. चोर घरात येईल, गाडीत येईल, पण लॉकरमध्ये कुठून येणार? आईच्या बांगड्यांच्या रिकाम्या बटव्यात मी किल्ली घातली आणि स्वतःवर इतका खूश झालो की येताना उसाचा नाही तर कसला तरी रस प्यायलो होतो.

"आजीचं," मुलगी म्हणाली आणि जी हसत सुटली ती थांबेना. काकाही हसले. ही हसली नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, उरलेलं आयुष्य ही गोष्ट मला ऐकावी लागणार. तसंच झालं आहे.

पुढचं काम सोपं असायला हवं होतं. पाचवा नट मुकाट्याने सैल झाला. जॅक लावून दांडा फिरवला तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच जमिनीत जायला लागला. कडेची माती भुसभुशीत होती.

"खाली फळी घ्या," काका म्हणाले. "भक्कम."

आमच्याकडे फळी नव्हती. पण मामाच्या हातात सकाळपासून एक चपटं, जड, चंदेरी कागदात बांधलेलं पुडकं होतं आणि आत चांदीचं तबक आहे असा त्याने सगळ्यांचा समज होऊ दिला होता. पुडकं आता गाडीवर होतं. मी त्याच्याकडे बघितलं. मामाने त्रिकोणाआडून माझ्याकडे बघितलं.

"नको ना, दाजी."

मी कागद फाडला. आत भाजी चिरायची लाकडी फळी होती. भक्कम. जॅक तिच्यावर असा बसला, जणू तिच्याच मापाचा बनवला होता. फळीचं भांडं फुटल्यामुळे मामा दिवसभर माझ्याशी बोलला नाही, पण गाडी वर आली.

मुलीने किल्ली स्वतःकडे ठेवली होती. नट तिनेच काढले, मी फक्त चाक ओढलं आणि स्टेपनी चढवली. मी कुणालाही गाडीखाली हात घालू दिला नाही, आणि काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं, जॅक घसरलाच तर असावं म्हणून. पुस्तिकेत तसं आहे. नट बसवताना मी सांगत होतो, एक सोडून एक, समोरासमोरचे, म्हणजे चाक सरळ बसतं. ती म्हणाली, "हो, बाबा." गाडी खाली आणून तिने पुन्हा एकदा सगळे आवळले. आधी मी हातानेच थोपवायला गेलो होतो की आज तुझं लग्न आहे, तू नको. मग थोपवलं नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम त्या दिवशी नीट झालं.

कार्यालयात पोचलो तेव्हा साहेब खुर्चीवरून अर्धे उठले होते. माझा अवतार बघून ते पुन्हा बसले. माझ्या सहीशेजारी काळा अंगठा उमटला. मी घाबरलो, पण साहेब म्हणाले, "राहू द्या. आता हे खोटं आहे असं कुणी म्हणणार नाही." जावयाने वाकून नमस्कार केला आणि उठताना माझा हात धरला, त्यामुळे लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्याची बाही काळी आहे.

निघताना मुलीने सगळे दागिने आईकडे परत दिले. बँकेत ठेव म्हणाली. फक्त मखमली बटवा तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"अगं, ती गाडीची आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. तुमच्याकडे राहिली तर तुम्ही जपून ठेवाल. टायर बसला की मला फोन करा, मी येते."

ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. फार लांब नाही, पण सहज येण्याइतकं जवळही नाही. नोकरी आहे, तिचं घर आहे. येते म्हणते आणि राहून जातं. त्या फळीवर ती रोज भाजी चिरते आणि जॅकचा गोल ठसा तिने घासून काढलेला नाही, असं फोनवर सांगते. आमचं घर आता शांत आहे. सेक्रेटरी जिन्यात भेटले तर मान हलवतात, बोलत नाहीत. नवे टायर टाकल्यापासून गाडी एकदाही पंक्चर झालेली नाही. इतके चांगले टायर घ्यायला नको होते.

काल सकाळी मी खाली जाऊन मागच्या चाकाशी बसलो होतो. हवेच्या नळीचं टोपण काढलं आणि आतली बारीक पिन काडीने दाबून धरली. हवा फुस्स करत जात होती. कोणी बघत नाही ना म्हणून वर पाहिलं तर गॅलरीत ही उभी होती, हातात चहाचा कप घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी काडी लपवली.

तिने एक घोट घेतला.

"अजून काढा," ती म्हणाली. "एवढ्यासाठी नाही यायची ती."